हिरव्या कोटाचा नंबर

कांदिवलीला एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईंनी मला ठेवून घेतलं, हे सगळ्यात आधी लिहिते. बाकीचं मागाहून. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या आणि थोड्याच वर्षांत काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. त्यांचं नाव मी इथे घालत नाही. जन्मभर लोकांनी आपलं नाव विचारलं ते तक्रार करायलाच, असं त्या म्हणायच्या, त्यामुळे नाव ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मी त्यांना बाई म्हणायचे. इथेही बाईच.

मी देवगडकडची. गावातली शाळा सातवीला संपायची, तिथेच माझीही संपली. पुढच्या शाळेला खाडी ओलांडून जावं लागे, आणि आईला दमा, घरात कोणीतरी हवं होतं. काही वर्षं तशी काढल्यावर आईनेच मला मावशीबरोबर मुंबईला पाठवलं. मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. नवऱ्याची मिल बंद पडलेली, म्हणून ती लोकांकडे पोळ्या करायची. बोरीवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या भिंतीकडे त्यांची खोली होती. मी तिथे राहून जवळच्याच एका गुजराती घरी दिवसभराच्या कामाला लागले.

वैशाखात आई गेली. मला तार केली नाही. ती पोचेपर्यंत काय राहणार, असं बाबा म्हणाले म्हणे. गावचा एक माणूस मुंबईला परत आला त्याच्याबरोबर निरोप आला, तोवर बारावं-तेरावं उरकलं होतं. मी तांदूळ निवडत होते. मावशी रडायला लागली. मी उरलेले तांदूळ निवडले, धुतले, स्टोव्हवर ठेवले. त्यानंतर बराच काळ मला कशाचं काही वाटलं नाही. ते दुःखच असतं असं लोक म्हणतात. असेल. मला एवढंच आठवतं की कानात पाणी गेल्यावर जसं ऐकू येतं तसं सगळं लांबून यायचं. एक काळजी तेवढी जवळ असायची, की आता इथूनही आपल्याला पाठवून देतील.

तसंच झालं. त्या घरी दूध उतू गेलं आणि मी गॅसजवळ उभी राहून ते बघत होते. असं पुन्हा झालं. ती माणसं चांगली होती, ओरडली नाहीत, फक्त उद्यापासून येऊ नको म्हणाली.

मग मावशी मला बाईंकडे घेऊन गेली. दारातच तिने सांगून टाकलं, "हिका काय एक झालेला नाय, बाई. आवस गेली तेवापासून जरा मठ्ठ झाली हा."

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मला स्वयंपाक येतो का, कपडे कसे धुतेस, काही विचारलं नाही. खिडकीशी उभी राहा आणि काय दिसतं ते सांग म्हणाल्या.

मी सांगितलं. समोरच्या गच्चीवर एक बाई पापड वाळत घालतेय. पाण्याची टाकी आहे. टाकीवर कावळा बसलाय.

"म्हातारी आहे का गं, पापडवाली?"

"म्हायत नाय. पाठ हा इकडे."

"राहा," बाई म्हणाल्या.

आधीची मुलगी काहीही विचारलं तरी छान दिसतंय म्हणायची, असं मला नंतर कळलं. मी ट्रंक आणली नव्हती, एक कापडी पिशवी होती. ती मी खाटेखाली तशीच भरून ठेवली. कधीही उचलून निघता यावं म्हणून.

बाईंना माणूस हवं होतं ते स्वयंपाकापेक्षा सिनेमासाठी. तरुणपणी शनिवारची अर्धी ड्यूटी संपली की त्या फोर्टातल्या थेटरात इंग्रजी सिनेमे बघायच्या, एकट्या. त्यातला हॉलिवूडचा एक दिग्दर्शक त्यांचा लाडका. भीतीचे, खुनाचे, पाठलागाचे सिनेमे काढायचा. त्याला त्या "आमचा म्हातारा" म्हणायच्या. अमेरिकेतल्या भाच्याने म्हाताऱ्याचे झाडून सगळे जुने सिनेमे तिथल्या टीव्हीवरून कॅसेटींवर उतरवून घेतले आणि कुणा येणाऱ्याच्या हाती पाठवले. व्हीसीआर त्यानेच आधीच्या खेपेला आणला होता, कुठल्याही देशाची कॅसेट चालते असं सांगून. टीव्ही आपल्याकडचाच, रंगीत. रंगीत टीव्ही तेव्हा नुकते घराघरांत येत होते, आणि रविवारचा हिंदी सिनेमा बघायला शेजारची मुलं बाईंकडे येऊन बसायची. बाईंना दिसत नव्हतं तरी त्या टीव्ही झाकून ठेवत नसत.

सोसायटीच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघायचा. त्यासाठी बाईंनी एक लेख कबूल केला होता: म्हाताऱ्याचे सगळे सिनेमे पुन्हा पाहून त्यांचे नंबर लावायचे, शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत, आणि प्रत्येकाला तो नंबर का ते लिहायचं. आंधळी बाई सिनेमाचे नंबर लावणार याची सोसायटीत थोडी थट्टाही झाली होती. बाईंना ती माहीत होती. माझ्या कानांनी मी हजारो माणसं ओळखलीत, त्या म्हणायच्या, हा तर एकच आहे.

काम असं चालायचं. दुपारची भांडी झाली की मी कॅसेट लावायचे. चित्र मधेच वर सरकायला लागायचं, मग टीव्हीच्या मागचं एक बटण फिरवून ते जागेवर आणायचं. मग मी बाईंच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसायचे. बोलणं बाईंना कळायचं, मला अक्षर कळत नव्हतं. चित्र मला दिसायचं, त्यांना नाही. कोणी बोलत नसेल तेव्हा मी सांगायचं. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या जाहिराती आल्या की मी त्या पळवायचे, आणि तेवढ्या वेळात बाई मला मराठीत सांगायच्या की आता ती माणसं काय बोलली. अशी आमची दोघींची मिळून एक प्रेक्षक व्हायची.

सुरुवातीला मी शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे आणि अडकायचे. बाई वैतागल्या. मालवणीत सांग, पण वेळेवर सांग, म्हणाल्या. मग मी सांगायचे, "जिनो चढता. हातात काय नाय. थांबलो. खाली बघता." मी कुठे गप्प झाले, की बाई एक्स्चेंजमध्ये लाइन मेली की जसं म्हणायच्या तसं म्हणायच्या, "हॅलो?" रागाने नाही. तिकडे कोणी आहे का, एवढंच.

त्यांचा नियम एकच होता. जे दिसतं तेवढंच सांगायचं. तो घाबरलाय असं नाही सांगायचं, त्याचा हात कुठे आहे ते सांगायचं. मला ते जमायचं, कारण मला दुसरं काही वाटतच नव्हतं. एरवी जो माझा दोष होता तो तिथे उपयोगाला आला.

सिनेमा संपला की बाई नंबर लावायच्या. कॅसेटी सगळ्या सारख्याच लागतात हाताला, म्हणून आम्ही प्रत्येकीवर काहीतरी चिकटवलं होतं. बोटीच्या सिनेमावर शिंपला, हॉटेलच्या सिनेमावर जुनी किल्ली, दीपगृहाच्या सिनेमावर काडेपेटीची काडी. भिंतीवरच्या फळीवर त्या एका ओळीत असायच्या. खिडकीकडे पहिला नंबर, दाराकडे शेवटचा. नवीन सिनेमा झाला की बाई उभ्या राहून फळी चाचपायच्या, दोन कॅसेटींमध्ये बोटं घालून जागा करायच्या, आणि मला सांगायच्या, लिही.

कोर्टाचा सिनेमा दाराशी गेला. सगळे नुसते बोलत बसतात, बाईंनी लिहायला सांगितलं, मला शेजारी बसून सांगणाऱ्या मुलीची गरज एकदाही पडली नाही, म्हणजे म्हाताऱ्याने कॅमेरा घरी ठेवला असता तरी चाललं असतं. बोटीचा त्याच्या अलीकडे. अर्धा फार चांगला, पण पुढे वाद्यं माणसांच्या आधी घाबरायला लागतात. हॉटेलचा सिनेमा आधी पुष्कळ वर होता. त्यात एक माणूस पलीकडच्या खोलीतलं बोलणं भिंतीला कान लावून ऐकतो, आणि सगळी गोष्ट आवाजावर आहे. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच तो खाली आणला. म्हणाल्या, मला सोपा जातो म्हणून वर ठेवणं बरोबर नाही.

दीपगृहाच्या सिनेमात दीपगृहावरचा माणूस समुद्रात बुडतो आणि त्याच्या बायकोला दोघेजण घरी येऊन ते सांगतात. ते जातात. त्यानंतर कोणीच बोलत नाही. ती आत येते, नळ सोडते आणि सकाळची भांडी घासायला लागते. मी सांगायला लागले, बशी घासते, ठेवते, दुसरी घेते. मग मी थांबले असणार.

"हॅलो?"

"भांडी घासता."

"अजून?"

"अजून."

"रडते का?"

"नाय."

बाई म्हणाल्या, "थेटरात माझ्या मागचे लोक हसले होते इथे. म्हणाले, नटी मठ्ठ आहे. बघ तू, संपेपर्यंत बघ." ते संपायला बराच वेळ लागला. म्हाताऱ्याने मधेच काही कापलं नव्हतं. मला रडू वगैरे आलं नाही. फक्त त्या दिवशी जेवताना आमटी खारट झालीय हे मला कळलं. त्याआधी आमटीची चव कशी आहे हे मला कळायचं नाही, बाई सांगायच्या.

नंबर लावताना बाईंनी मला विचारलं की तू हा कुठे ठेवशील. मी म्हटलं मला सगळे सारखेच. सगळे सारखे असं नसतं, बाई म्हणाल्या, कुठल्यातरी वेळी तू घड्याळाकडे बघितलं नसशील. मी विचार करून म्हटलं, ह्याच्यात. त्यांनी काडीवाली कॅसेट खिडकीकडे नेली, पण अगदी कडेला नाही. तिथे एक जागा त्यांनी आधीपासून राखली होती. पहिला नंबर ठरलेला होता, आणि तो सिनेमा आम्ही शेवटी बघणार होतो.

इथे बाईंच्या भावाचं सांगायला हवं. तो मुलुंडला राहायचा, त्यांच्याहून धाकटा, कॅसेटी पाठवणाऱ्या भाच्याचा बाप, महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा. ताई, तू एकटी किती दिवस राहणार, आमच्याकडे चल, हे त्याचं पालुपद. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या घरी बाईंना एका खाटेवर बसून राहावं लागलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाईंनी त्याला एकदा माझ्यासमोर तोडून सांगितलं होतं की डोळ्यांवरून मला कोणी हलवायचं नाही. डोकं जायला लागलं तर मी स्वतः फोन करेन, त्या दिवशी ने. त्यांची थोरली बहीण शेवटी शेवटी न घडलेल्या गोष्टी घडल्या म्हणून सांगायची, न झालेल्या लग्नाची साडीसुद्धा वर्णन करून. बाईंना अंधाराची भीती नव्हती. भीती होती ती एवढीच. आणि बाई मुलुंडला गेल्या की मी गावी जाणार, हेही ठरल्यासारखंच होतं. मावशीकडे आता पाय पसरायला जागा नव्हती. गावी घर होतं, पण मी तिथे कोणाकडे जाणार?

शेवटचा सिनेमा कोटाचा. त्या कॅसेटवर एक मोठं बटण चिकटवलं होतं. बाईंनी तो फोर्टात तीनदा पाहिला होता आणि लावायच्या आधी मला गोष्ट सांगून ठेवली. एका बाईला थंडी वाजते म्हणून ती मैत्रिणीचा कोट घालून बाहेर पडते. मैत्रिणीला मारायला एक माणूस शहरात आलाय, त्याने तिला कधी पाहिलेलं नाही, त्याला एवढंच माहीत की हिरवा कोट. पुढे अख्खा सिनेमा गर्दीतून चालतो, स्टेशन, बाजार, नाचाचा हॉल, आणि त्या सगळ्या मळकट कपड्यांमध्ये तो एकच हिरवा ठिपका. तो दिसला की लोकांना वाटतं, लप गं बाई. थेटरात सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या, बाई म्हणाल्या, हिरवं दिसलं की.

आम्ही लावला. कोट घालून ती बाहेर पडली. स्टेशनचा देखावा आला, कोणी बोलेना.

"कुठे आहे ती?" बाईंनी विचारलं.

मी शोधत होते. "दिसत नाय."

"अगं, लगेच दिसते. हिरवा कोट."

"हिरवो कोणाचो नाय."

"नीट बघ."

मी टीव्हीच्या अगदी जवळ गेले. मागचं बटण फिरवून पाहिलं. शंभर बायका असतील, सगळ्यांचे कोट एकाच रंगाचे, राखेसारखे. मी तसं सांगितलं. आजवर सगळेच सिनेमे असे राखेच्या रंगाचे होते. जुने सिनेमे तसेच असतात असं मी धरून चालले होते, आणि जे नाही ते सांगायचा प्रश्नच नव्हता.

"म्हणजे काळा-पांढरा?" बाई म्हणाल्या. "हा सिनेमा?"

"सगळेच, बाई."

त्यांनी बोटीच्या सिनेमातल्या लाल शिडाचं विचारलं. मी म्हटलं, शीड काळं होतं. हॉटेलातल्या पिवळ्या दाराचं विचारलं. मी म्हटलं, दार पांढरट. दीपगृहाचा तर तेव्हाही काळा-पांढराच होता, त्या म्हणाल्या, तो मला आठवतो. मग बंद कर म्हणाल्या. मी बंद केला.

हिरवा म्हणून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, असं माझ्या मनात तेव्हाच आलं होतं. पण मला ज्या एका गोष्टीसाठी ठेवलं होतं ती तीच होती. ती सोडली तर माझ्याकडे त्यांना द्यायला काय उरलं?

संध्याकाळी त्यांनी मुलुंडला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते. त्यांचा आवाज अगदी कामावरचा होता, सपाट. "रविवारी ये. खोली रिकामी करून ठेव. नाही, पडले-बिडले नाही. मी न घडलेलं पाहायला लागलेय." मग थोडं ऐकून म्हणाल्या, "हो, आपल्या थोरल्या ताईसारखंच." फोन ठेवला आणि मला भाताचं पाणी बघायला सांगितलं.

नंतरचे दिवस आम्ही सिनेमा लावला नाही. लेख अर्धा होता, त्याचं काय करायचं मी विचारलं, तर म्हणाल्या, ज्या बाईला हिरवा आणि करडा कळत नाही तिच्या नंबरांना कोण विचारतो. फळीवरची खिडकीकडची जागा तशीच रिकामी राहिली. मी खाटेखालची पिशवी बाहेर काढली, तिच्यातले कपडे काढून पुन्हा घडी करून भरले. मला वाईट वाटत होतं असं म्हणता येणार नाही. हात कामं करत होते.

शनिवारी दुपारी बाई म्हणाल्या की शेवटचा एक लाव, दीपगृहाचा. तो काळा-पांढराच होता, त्यात तरी माझी चूक निघणार नाही.

मी लावला. भांड्यांचा प्रसंग जवळ आला, आणि त्याच्या आधी जाहिराती आल्या. एरवी मी त्या पळवायचे. त्या दिवशी माझा हात उठलाच नाही, आणि बाईंनीही सांगितलं नाही. मी आपली सवयीने सांगत राहिले. एक बाई आहे. टेबलाशी पोरं बसलीत. ती जगमधून ग्लासात काहीतरी ओततेय. पोरं पितायत, हसतायत.

"काय ओततेय?"

"चिखलासारखा काय तरी. काळपट."

बाई ऐकत होत्या. टीव्हीतले लोक गाणं म्हणत होते. "संत्र्याचा रस म्हणतायत," बाई म्हणाल्या.

"संत्र्याचो रस असो?"

पुढे एक मोटार आली, तीही राखेच्या रंगाची, तिच्याशेजारी राखेच्या रंगाची झाडं. मला ते विचित्र वाटलं. मला ते वाटलं हेच खरं तर विचित्र होतं, कारण बऱ्याच दिवसांत मला काही वाटलं नव्हतं. मी विचारलं, "बाई, अमेरिकेत अजून रंगीत टीव्ही येवक नाय?"

बाईंची मान माझ्याकडे वळली. "काय म्हणालीस?"

मी पुन्हा म्हटलं. जाहिरात तर आताची असणार. मोटार नवी दिसतेय. आपल्याकडे पावडरची जाहिरातसुद्धा रंगीत लागते.

"टीव्ही बंद करू नको," बाई म्हणाल्या. "खाली जा. व्हिडिओवाल्याकडून एक हिंदी सिनेमा घेऊन ये, कुठलाही, नवा."

सोसायटीच्या खाली एका गाळ्यात व्हिडिओ लायब्ररी होती. मी धावत गेले आणि हाताला लागेल ती कॅसेट मागितली. वर येऊन लावली. हिरॉइनने केशरी साडी नेसली होती, मागे हिरवा डोंगर, त्यावर निळं आकाश. मी एकेक रंग मोठ्याने सांगितला. मग ती काढून अमेरिकेची लावली. राख. पुन्हा हिंदी. पुन्हा राख. टीव्ही तोच, मशीन तेच. बाई खुर्चीचा हात धरून बसल्या होत्या आणि प्रत्येक वेळी फक्त "हं" म्हणत होत्या.

कॅसेट परत द्यायला गेले तेव्हा मी व्हिडिओवाल्याला विचारलं. तो गिऱ्हाईकाशी बोलता बोलताच म्हणाला, अमेरिकेची आहे ना, त्या आपल्या टीव्हीवर अशाच येतात, रंग नाही उचलत. कधी कधी चित्रपण धावतं. त्याच्या दृष्टीने ही काही बातमी नव्हती.

रविवारी भाऊ टॅक्सी करूनच आला. बाईंनी त्याला चहा दिला आणि टीव्हीसमोर बसवलं. मला दोन्ही कॅसेटी लावायला सांगितल्या, व्हिडिओवाल्याची एक पुन्हा आणली होती. त्याने पाहिलं. आपल्याच मुलाने पाठवलेल्या कॅसेटी, त्यामुळे तो जरा ओशाळला.

"पण ताई," तो म्हणाला, "म्हणजे तो कोट हिरवाच होता कशावरून?"

"नसेलही," बाई म्हणाल्या. "पण करडा होता असं आता तुला म्हणता यायचं नाही."

तो हसला. मीही त्याच्याकडे बघून हसले असं मला वाटतं. टॅक्सी रिकामीच परत गेली, तो जेवून उशिरा निघाला. जाताना बाईंनी त्याला एवढंच सांगितलं की माझा शब्द अजून आहे, फोन मीच करेन.

त्या संध्याकाळी मी पिशवीतले कपडे काढून बाईंच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात ठेवले. त्यांनी कप्पा कधीच मोकळा करून दिला होता, मीच वापरत नव्हते. मी कोणाला काही सांगितलं नाही, पण कपाटाचं दार करकरलं ते त्यांनी ऐकलं असणार. बरं झालं, म्हणाल्या.

मग लेख पुरा केला. कोटाचा सिनेमा पुन्हा लावून बघावा असं मी म्हटलं, पण बाई नको म्हणाल्या. त्यांनी लिहायला सांगितलं की हा सिनेमा मी पाहिला आहे आणि माझ्या सोबतिणीने अजून पाहिलेला नाही, त्यामुळे याचा नंबर आज लावता येत नाही. तो नंबराबाहेर. पहिल्या नंबरावर दीपगृह. त्याखाली भांड्यांचा प्रसंग, आणि एक ओळ, की हा नंबर लावणारी मुलगी सातवीपर्यंत शिकली आहे आणि तिने मला एकही गोष्ट वाढवून सांगितली नाही. दिवाळी अंकात लेख आला तेव्हा शेवटचा परिच्छेद नव्हता. मिठाईवाल्याच्या जाहिरातीला जागा कमी पडली होती. बाई खूप हसल्या. मी ती ओळ माझ्या हाताने लिहिली होती, तेवढी मला पुरली.

आता मी घाटकोपरला एका नर्सिंग होममध्ये आया आहे. बाईंचं डोकं अजून शाबूत आहे. मोडली ती मांडी. न्हाणीघरात घसरल्या आणि हॉस्पिटलातून त्यांनी स्वतःच भावाला फोन करायला सांगितलं. त्या मुलुंडला असतात. रजेच्या दिवशी मी जाते, खिडकीशी उभी राहते आणि खाली काय चाललंय ते सांगते. एका कानाने कमी ऐकू येतं त्यांना, म्हणून मी मोठ्याने बोलते. गावी मी त्यानंतर एकदाच जाऊन आले. आईच्या तुळशीला पाणी घातलं. रडू आलं, थोडं.

कॅसेटी बाईंनी मला दिल्या. माझ्या खोलीत त्या फळीवर तशाच एका ओळीत आहेत, खिडकीकडची जागा रिकामी, बटणवाली वेगळी. अमेरिकेची कॅसेट रंगात दाखवणारा टीव्ही आता इथेही मिळतो असं ऐकते. तो माझ्या आवाक्यात आला, किंवा कुणाच्या घरी एका दुपारपुरता बघायला मिळाला, की मी बाईंना त्यांच्या भावाच्या परवानगीने टॅक्सीत घालून तिथे नेणार आहे. शेजारी जमिनीवर बसेन. ती बाई कोट घालून स्टेशनात शिरेल तेव्हा तो हिरवा असला तर हिरवा म्हणून सांगेन, आणि नसला तर नाही म्हणून. मग फळीवरची ती जागा त्यांनी भरावी. एवढं मी त्यांचं फेडणार आहे.